तिसरी पायरी

कोर्टासमोर माझं चहाचं दुकान, सहा टेबलांचं.
फिरते जज वर्षातून तीनदा येतात मेयोच्या या गावात,
तेव्हा मी पहाटे पाचलाच स्कोनचं पीठ मळायला घेते, दुप्पट.
वादी खिडकीपाशी बसतात, प्रतिवादी मोरीकडच्या बाजूला.
कुणी ठरवलेलं नाही,
पण बावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

आज अट्रॅक्टा गेराटी आलीय, उजवं मनगट पट्ट्यात.
सुपरमार्केटात द्राक्षावर पाय पडला तिचा.
एक द्राक्ष. हिरवं, बिनबियांचं. दाव्यात तसंच लिहिलंय.
मागितलेत अडतीस हजार युरो.
दुकानाच्या वकिलाकडे म्हणे चित्रफीत आहे:
नातवाच्या कम्युनियनच्या दिवशी
त्याला उचलून गरागरा फिरवतेय ती, ह्याच हातानं.
"कप नको, वाडगाच दे," म्हणाली,
"दोन्ही हातांनी धरीन."
दिला.
दुखतं का, असं मी विचारलं नाही.
रात्री दुखतं गं, तीच म्हणाली,
आणि रात्रीची चित्रफीत कोण काढतंय.

मोरीकडे मॅलकी डर्कन, खिडकीत फिंटन डर्कन.
बापानं गुरांच्या बाजारातल्या पावतीमागे लिहून ठेवलं:
दलदलीकडचं शेत, जो राहील त्याला.
खाली सही, साक्षीला गुरांचा डॉक्टर.
मॅलकी म्हणतो, मी राहिलो. म्हाताऱ्याची नखंसुद्धा मी कापली.
फिंटन म्हणतो, तीस वर्षं बॉस्टनात विटा रचल्या,
पण आता आलोय ना, राहतोच आहे.
तिसरा भाऊ मधल्या काळात गेला,
म्हणजे राहिले दोघंच, तेही राहणंच.
एका क्रियापदावर दोन बॅरिस्टर, चार वर्षं.
शेतात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही.
ट्रॅक्टर मात्र दोघांत एकच;
किल्ली कुंपणाच्या खांबावर ठेवतात
एकमेकांना न बघता.
बिलं वेगवेगळी, अर्थात.
लोणी दोघांनाही खारटच लागतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पाच आहेत, चुनखडीच्या,
आणि तिसरी मधोमध झिजलेली.
तिथंच उभे राहतात वकील, अंगरखे वाऱ्यात फडफडत,
तिथंच अडतीसाचे अकरा होतात,
तिथंच कुणीतरी कुणाचातरी हात हातात न घेताच हलवतं.
म्हणजे शहाणपण येतं माणसाला,
फक्त दोन पायऱ्या उशिरा.

डिम्पना टाय मात्र तडजोड करणार नाही.
चर्चच्या गायनमंडळाचा हिशेब ठेवायची ती, एकोणीस वर्षं.
खाटीक जार्लथ रुएन पबमध्ये म्हणाला,
चर्चच्या छपराचे पैसे
हिच्या स्वयंपाकघराच्या छपरात गेले.
चौदाजण होते. कुणीच ऐकलं नाही.
एकाचा फोन वाजला होता, एक बाहेर सिगारेट ओढत होता,
एकाला त्या कानानं ऐकूच येत नाही.
अब्रूचं असंच आहे:
गेली हे सिद्ध करायला, ज्यांच्यासमोर गेली त्यांनाच बोलवायचं,
आणि त्यांच्या तोंडून तेच वाक्य पुन्हा,
सावकाश, लिहून घेता येईल असं.

ती माझ्याकडे बसते ती कुठल्याच बाजूला नाही,
काउंटरपाशी, उंच स्टुलावर, पर्स मांडीत.
आज स्कोन न घेता म्हणाली,
"त्या रात्री तू होतीस."

होते.
पंधरावी.
शेकोटीजवळ, अर्धा ग्लास बाकी होता माझा,
आणि मी हसले होते.
मोठ्यानं नाही. पण हसले होते.
जार्लथकडून मांस घेते मी, उधारीवर,
हेही तिला ठाऊक आहे.

साडेदहाला पुकारा.
ओव्हनमध्ये दुसरा घाणा, अजून सात मिनिटांचा.
मी दारावरची पाटी उलटी केली,
रस्ता ओलांडला.
पहिली. दुसरी.
तिसरीच्या खोलग्यात कालचं पाणी साचलेलं,
त्यात माझा ॲप्रन दिसला, वर तोंड नव्हतं.

हात पिठाचे.
शपथ घ्यायला धुवावे लागतात का,
कुणाला विचारू.